पट्ट्याला पाडलेलं भोक

मंगळवार, ४ फेब्रुवारी

टिक्, सप्प, सप्प. टिक्, सप्प, सप्प.

सकाळपासून कानात हेच चाललंय, धाकट्या. आपण दोघं लहान, आतल्या खोलीत एका पांघरुणात, बाहेर दुकानात नुकतं फटफटलेलं, आणि बाबा चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजताहेत. त्यांनी पट्टा ताणला की वरचा पितळी हूक जागच्या जागी हलायचा, ती टिक्. मग वस्तरा वर गेला की एक लांब सप्प, खाली आला की दुसरी. शाळेत मास्तरांनी भुजंगप्रयात शिकवला, तेव्हा सगळा वर्ग फळ्याकडे बघत होता आणि मी खिडकीबाहेर. एक लघू, दोन गुरू, असं चार वेळा. मला त्यात नवीन काही वाटेना. आपल्या घरी तो रोज चहाच्या आधी व्हायचा.

हे तुला का लिहितोय? आणि मुळात तुलाच लिहितोय का? बघ, पत्राच्या वरची जागा मी कोरी सोडलीय. थोरल्याने धाकट्याला लिहायचं म्हणजे 'चिरंजीव'ने सुरुवात. दोनतीनदा पेन टेकवलं. तो शब्द लिहायला हात धजत नाही.

आज पोस्टमनने पार्सल आणलं. लांबट, गुंडाळीसारखं, सुतळीने बांधलेलं. तुझी वहिनी म्हणाली, "कॅलेंडर असेल हो कुठल्यातरी बँकेचं. स्वयंपाकघरात लावू." मी सुतळी कापली, कागद उलगडला, आणि तसाच खाली बसलो. खुर्चीत नाही, फरशीवर, सकाळच्या गिऱ्हाइकाच्या केसांत.

बाबांचा पट्टा.

मी वास घेतला. तोच. उलट्या बाजूला बाबांनी शिवून घेतलेली जाड कापडाची पट्टी, तीही तीच. कागद झटकला, उलटा केला, पुन्हा झटकला. एक ओळ नाही, चिठ्ठी नाही, पाठवणाऱ्याचा पत्ता नाही.

धाकट्या, आपल्या घरात पट्टा हुकावरून एकाच वेळी उतरतो, हे तुला मी सांगायला नको. आजोबांचा हात थांबला त्या दिवशी त्यांचा पट्टा बाबांच्या खांद्यावर आला. बाबांचा थांबला त्या दिवशी हा तुझ्याकडे गेला. 'हात थांबला' म्हणजे काय, हे आपल्याला कुणी उलगडून सांगितलं नव्हतं. सांगावं लागलंही नव्हतं.

मी वहिनीला म्हटलं, "धाकटा गेला."

ती म्हणाली, "भलतंसलतं बोलू नका. गेलेला माणूस पोस्टाच्या रांगेत उभा राहतो होय?"

"दुसऱ्या कुणी पाठवलं असेल."

"मग त्या दुसऱ्याला दोन ओळी लिहायला काय झालं होतं? तुमच्या घराण्याला बोलायचं वावडं आहे म्हणून सगळ्या जगालाच आहे का?"

मग तिने तो कागद उचलला, आपला पत्ता वाचला आणि कागद उजेडाकडे धरला. कारण अक्षर तुझं नव्हतं. तुझं अक्षर आम्ही रोज बघतो, दुकानाच्या पाटीवर. रंग उडालाय, वळण तसंच आहे. आणि हे कागदावरचं? पहिलीतल्या पोराने पाटीवर गिरवावं तसं. एक अक्षर डोंगरावर, एक दरीत.

"कुणा पोराकडून लिहून घेतलंय," ती म्हणाली, आणि उठून आत गेली. तिने नळ किती तरी वेळ नुसता चालू ठेवला होता.

तुझा शेवटचा पत्ता माझ्याकडे आहे तो सूतगिरणीच्या फाटकासमोरच्या दुकानाचा. त्यावर हे पत्र टाकतोय. तू असशील तर एक अक्षर कळव. तू नसशील तर ज्या कुणाच्या हाती हे पडेल त्याने कळवावं. कसं झालं, केव्हा झालं, जवळ कोण होतं.

आमचं बरं आहे. बाबांचे वस्तरे मी रोज वापरतो, अजून झकास चालतात.

दादा


गुरुवार, ६ फेब्रुवारी

धाकट्या,

कालचा आणि आजचा दिवस पट्ट्याला तळहात चोळण्यात गेला. दुसरं काही सुचत नाही. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना उद्या या म्हणालो.

प्रवास करून आलेलं चामडं आजारी पाहुण्यासारखं असतं, बाबा म्हणायचे. आल्या आल्या त्याला कामाला जुंपायचं नाही. आठवडाभर नुसता तळहात. तेल ओतायचं नाही, उन्हात धरायचं नाही, घडी तर घालायचीच नाही. हात धुवायचे, खडखडीत कोरडे करायचे आणि वरून खाली, वरून खाली, चामडं कोमट लागेपर्यंत. आपल्या हाताला जो काही तेलकटपणा असतो तेवढा त्याला पुरतो. मग आठवड्याने त्याला ओढ येते. वस्तरा टेकवला की चामड्याने त्याला किंचित धरायचं. अडवायचं नाही आणि घसरूही द्यायचं नाही. ह्याला बाबांचा शब्द ओढ. शाळेतल्या कुठल्याच कवितेत मला इतका नेमका शब्द सापडला नाही, आणि कविता मी काही थोड्या पाठ केल्या नाहीत.

हा पट्टा आणला तो दिवस आठवतो का तुला? आजोबांचा पट्टा झिजून झिजून कागद झाला होता. चामड्याच्या वखारीत आपण दोघं नाक धरून उभे, आणि बाबा डोळे मिटून एकेक पट्टा हुंगताहेत. वाकवून बघायचे, सुरकुती पडून पुन्हा मिटते का. अंगठ्याची पाठ फिरवून बघायचे. व्यापाऱ्याने एक चकचकीत काढला तर म्हणाले, "आरसा हवा असता तर आरशाच्या दुकानात गेलो असतो." शेवटी व्यापारी वैतागला. "अहो, पट्टा घ्यायचाय की दत्तक घ्यायचाय?"

"दोन पोरं आहेत," बाबा म्हणाले. "ती बघून घेता आली नाहीत. हा तिसरा तरी बघून घेतो."

मग तो दुमडू नये म्हणून घरापर्यंत आपण दोघांनी धरून आणला. एक टोक तू, एक टोक मी. तू बुटका, म्हणून माझं टोक सतत वर आणि तुझं खाली. सगळा रस्ता तू ओरडतोयस, "दादा, खाली घे ना!" आणि बाबा मागून, "ढिला सोडू नका रे, दोघांनी ताण ठेवा." त्याच रस्त्यावर आपण ती कविता जुळवली. पहिली ओळ माझी, दुसरी तुझी.

पहाटे दुकानात चाले तयारी,
फिरे वस्तरा पाठ टेकून भारी.

'भारी' तू यमकासाठी ठोकून दिला होतास. पण 'पाठ टेकून' हे तू कुठून आणलंस कोण जाणे. बाबा रस्त्यातच थांबले होते. म्हणाले, "अख्खी विद्या एवढीच आहे रे." टोकाला गेल्यावर वस्तरा पाठीवर वळवायचा. धारेवर वळवला की पट्ट्याला चीर गेलीच म्हणून समज.

पट्टा मी आज भिंतीवर टांगला. लोखंडी खिळ्याला. कारण हूक नाही. हूक तू घेऊन गेलास. बाबा सांगून गेले, वस्तरे थोरल्याला, पट्टा धाकट्याला. त्यांना वाटलं, एकाचं दुसऱ्यावाचून अडेल आणि दोघं एका दुकानात राहतील. बाजारात वस्तरेही मिळतात आणि पट्टेही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. तू म्हणालास, "रोज सकाळी तुला माझ्याच दारात यावं लागतं." मी म्हटलं, "वस्तऱ्यावाचून तुझा पट्टा म्हणजे नुसता कमरेला बांधायचा." कोण काय चुकीचं बोललं? दोघंही खरंच बोलत होतो. दुसऱ्या दिवशी पट्टा नव्हता. ते एक वेळ समजलो. पण भिंतीतला हूकसुद्धा उपटून न्यायचा? भिंतीत तेवढं भोक राहिलं. ते मी कधी बुजवलं नाही, त्यातच खिळा ठोकला. खिळा टिक् करत नाही, धाकट्या. नुसतंच सप्प, सप्प. लघू गेल्यावर वृत्त कसलं राहतंय.

हे सगळं मी तुला प्रेमाने लिहायला बसलो होतो. दुपारी उजेडात पट्टा नीट पाहिला आणि माझं डोकं गरगरायला लागलं. म्हणून आता स्पष्टच विचारतो.

पट्ट्याला भोक कुणी पाडलं?

बाबांच्या पट्ट्याला! खालच्या टोकाला, जिथे मूठ धरायची तिथे, आरपार! मी बोट घातलं तर करंगळी अडकली. आणि चिरा. वरच्या टोकाला चिरा, खालच्या टोकाला चिरा, शिकाऊ माणूस वस्तरा धारेवर वळवतो तशा. पुष्कळ घासून बुजवल्यात, पण मला दिसतात. त्यावर चमकही भलतीकडून आलीय. बाबांचा वस्तरा तिरका जायचा, त्याची चमक उजवीकडून डावीकडे उतरते. ही वरची नवी चमक तिच्यावर फुली मारल्यासारखी उलटी गेलीय.

कुणाला दिला होतास हा? कुठला अडाणी शिकाऊ धरला होतास, ज्याला पट्टा हातात धरता येत नाही म्हणून त्याने तो ठोकून ठेवला? आणि तू बघत बसलास?

मला एकच समजत नाही. इतका आडमुठा हात, आणि तरी चामडं लोण्यासारखं मऊ. तळहात रोज फिरलाय ह्याच्यावर. एकही दिवस चुकलेला नाही. चिरा पाडणारा आणि तळहात फिरवणारा एकच असेल असं वाटत नाही.

तू गेला असशील तर मेलेल्या माणसावर ओरडतोय मी. ओरडू दे. मला दुसरं काही येत नाहीये.

दादा


शनिवार, ८ फेब्रुवारी

चिरंजीव धाकट्यास,

हो. लिहिला तो शब्द. आज काय झालं ते क्रमाने सांगतो, नाहीतर माझ्याकडून राहून जाईल.

शेजारचा शिंपी शनिवारी दाढीला येतो. तू गेल्यावर आला तो इकडे, तुला माहीत नसेल. टवाळ आहे, पण डोळा पक्का. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "काय कविराज, दाढी करणार की म्हशीला गोंजारत बसणार?"

मी त्याच्यापुढे पट्टा धरला. म्हटलं, "हे बघ, माझ्या भावाने वडिलांच्या वस्तूचं काय केलंय."

त्याने चष्मा लावला, पट्टा खिडकीकडे नेला. "खिळ्याचं नाही हे. स्क्रूचं आहे. कडेला आटे उमटलेत."

"कशाचंही असो. भोक ते भोकच."

"पाडलं तेव्हा गोल होतं, कविराज. आता खालून लांबट झालंय. पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाच्या कोटाचं काज असंच लांबतं. रोज थोडी थोडी ओढ बसत गेली की. हे एका दिवसाचं काम नाही. वर्षं गेलीत ह्यात."

"पण तिथे स्क्रू कशाला? वरचं टोक भिंतीला, खालचं टोक डाव्या हातात. असंच असतं."

"मला काय ठाऊक? मी पँटी शिवतो. आणि एक विचारू? हे वडिलांचे वस्तरे वस्तरे ऐकतो मी रोज. तुमच्या हातात तर मी ब्लेडवालाच बघतो. ते पेटीतून कधी बाहेर काढलेत?"

मी त्याच्या तोंडाला फेस लावून टाकला, म्हणजे बोलणं बंद.

दुपारी माझी पँट घ्यायला त्याच्याकडे गेलो. त्याची बायको बाहेरगावी, तो एकटाच दुकानात. टेबलावर लांबलचक कापड पसरलेलं. त्याने कापडाच्या एका टोकावर ती जड इस्त्री ठेवली, दुसरं टोक डाव्या हाताने ताणलं आणि उजव्या हाताने कात्री चालवायला लागला.

मी म्हटलं, "इस्त्री गार आहे ना? मग ती कशाला ठेवलीस?"

"अहो, हात दोनच! एकात कात्री, एकात कापड. ते टोक कोण धरणार? माणूस नसलं की इस्त्री."

धाकट्या, मी पँट न घेता परत आलो. चपला त्याच्याच दारात राहिल्या. तो मागून ओरडत होता, "कविराज, काय झालं?"

धरायला हात नसला की ठोकून ठेवतात.

पट्टा खाली घेतला. चिरा पाहिल्या. कुठल्या अंगाने पडल्यात ते पाहिलं. डाव्या. नवी चमक डावीकडून उजवीकडे. मी माझ्या डाव्या हातात वस्तरा धरून हवेत फिरवून पाहिला, आणि ती फुली माझ्या डोळ्यांसमोर पूर्ण झाली. मग वहिनीला म्हटलं, तो पार्सलचा कागद कुठाय? मला वाटलं फेकला असेल. तिने गादीखालून काढून दिला, घडी करून ठेवलेला. सगळी अक्षरं मागे रेललेली. पहिलीतलं पोर नाही ते.

ते तूच लिहिलंस. डाव्या हाताने. म्हणजे पार्सल बांधलं त्या दिवशी तू होतास. आहेस. मी 'आहेस' असंच लिहिणार.

तुझा उजवा हात थांबलाय.

कधी? कसा? यंत्रात गेला, की झटका आला? पाटी रंगवणारा हात. वर्गातल्या सगळ्यांच्या वह्यांवर नावं घालणारा हात. शिंप्याने वर्षं म्हटलं. वर्षं! आणि मी इथे, कुणी विचारलं की म्हणायचो, धाकटा मजेत आहे, त्याला कुणाची गरज नाही.

आणि तू काय केलंस, तर पुन्हा पहिलीत जाऊन बसलास. तो अडाणी शिकाऊ तूच होतास. 'पाठ टेकून' ही ओळ जुळवणारा तू, आणि डावा हात तुझं ऐकेना म्हणून धारेवर वळत होतास. चीर पडली की घासत होतास. पुन्हा पडली की पुन्हा घासत होतास. एका टोकाला हूक, एका टोकाला स्क्रू, आणि मध्ये तू एकटा. परवा तुला मी आडमुठा म्हटलं. कागदावर म्हटलं आणि पोस्टात टाकलं.

वहिनीला सगळं सांगितलं. ती पाटावर बसली ती उठेचना. म्हणाली, "मग भाऊजींची दाढी कोण करतं?"

काय हा प्रश्न! मी म्हटलं, "स्वतःची स्वतः करत असेल. डाव्या हाताने इतरांची करतो तर."

"इतरांची करणं वेगळं. स्वतःच्या गळ्यावर वस्तरा धरणं वेगळं. तुम्ही तरी करता का? तुम्ही तर आरशासमोर बसून त्या शिंप्याच्या नावाने बोटं मोडता, पण गळ्याची दाढी त्याच्याकडूनच करून घेता."

हे तुला कळायला नको होतं. असो.

पण पट्टा परत का पाठवलास, हे अजून कळत नाही. डावाही थांबला का? पत्त्यातलं शेवटचं अक्षर अर्ध्यावर सोडलंय. त्याची वेलांटी कागदाच्या काठावरून खाली गेलीय.

कळव रे. नाहीतर मी येतो.

दादा


मंगळवार, ११ फेब्रुवारी

चिरंजीव धाकट्यास,

उत्तर आलं नाही. दुपारच्या गाडीने येतोय. हे पत्र पोस्टात टाकणार नाही, बरोबर आणतोय. समोर आलो की मला बोलता येणार नाही, तुलाही येणार नाही, आणि दोघं एकमेकांच्या दुकानातली खुर्ची किती जुनी झाली ह्यावर बोलत बसू. त्यापेक्षा दारातच हे तुझ्या हातात देईन. तू घरात असलास तर. नसलास तर काय करायचं, ते मी ठरवलेलं नाही. वहिनीने विचारलं, मी डबा भर म्हणालो.

पट्टा पिशवीत घालायचा नाही, हातातच धरून आणायचा असं ठरवलंय. लोक हसतील. हसू देत. पट्ट्याचं आता ऐक. चिरा मी बारीक दगडाने पुन्हा हलक्या घासल्या, राहिलेल्या तशाच ठेवल्या. जास्त घासलं तर चामडं पातळ पडतं, आणि खरं सांगायचं तर त्या पुसायला मन होईना. भोकालाही हात लावलेला नाही. शिंपी म्हणाला, चामड्याचा तुकडा शिवून देतो, दिसणारसुद्धा नाही. मी त्याला म्हटलं, ते दिसू दे.

काल बाबांची पेटी काढली. शिंपी खोटं बोलला नाही, धाकट्या. तू गेल्यावर बाजारातून मी एकामागून एक किती पट्टे आणले. चांगले होते, चकचकीत. एकालाही ओढ नव्हती. वस्तरे हळूहळू रुसले आणि मी त्यांना तेलाचं फडकं गुंडाळून झोपवलं. काल पेटी उघडली तर गंजाचा ठिपका नाही. सगळ्यांत रुंद पात्याचा, बाबांचा लाडका, आधी निसण्याच्या दगडावर धरला. पट्ट्यावर मात्र घेतला नाही. आठवडा आज पुरा होतोय. तळहात रोज दिलाय, सकाळी आणि दुपारी. आज सकाळी अंगठ्याची पाठ फिरवली तर चामड्याने ती किंचित धरली.

आली रे ओढ.

तिकडे आलो की तुझ्या दुकानात पहिलं काम, तो स्क्रू काढायचा. खालचं टोक मी धरीन. तू बुटका, मी उंच, ताण तिरका बसेल, त्याला इलाज नाही. तू डाव्या हाताने फिरव. आणि डावाही नसेल चालत, तर टोक तू दातात धर, मी फिरवतो. हसू नकोस, मी खरंच लिहितोय. मला

दारात कुणीतरी आलंय. वेळही अशी बघून येतात. 'बंद'ची पाटी मी मघाशीच लावलीय. थांब.

सांगून आलो. कुणी म्हातारा आहे. पांढरी दाढी छातीपर्यंत, जंगलातून आल्यासारखा. लांब कोट, उजवा हात कोटाच्या खिशात. म्हटलं, "आज दुकान बंद आहे, मला गाडी पकडायचीय." तो उंबऱ्यावर उभा राहून भिंतीकडे बघतोय. पट्टा टांगलाय तिकडे.

वहिनी आतून विचारतेय, "कोण आहे हो?"

मी म्हटलं, "गिऱ्हाईक आहे कुणीतरी. जाईल."

तो जात नाही. आत आला. खुर्चीत बसला, न विचारता, स्वतःच्या घरातल्यासारखा. आरशाखालच्या फळीवर त्याने डाव्या हाताने काहीतरी ठेवलं. हात थरथरतोय त्याचा, ते फळीवर वाजलं.

टिक्.

पितळी हूक आहे.

धाकट्या, मी लिहायचा थांबत नाहीये, कारण थांबलो तर मान वर करावी लागेल. आरशात तो माझ्याकडेच बघतोय. आणि ह्या घरात आपण दोघं सोडून तिसऱ्याच्या तोंडून कधी न निघालेल्या सुरात म्हणतोय,

"आठवडा दिला होता तुला, दादा. झाला का तयार? दुसऱ्या कुणाच्या हाताखाली गळा द्यायचा नव्हता मला."

आतमध्ये वहिनीच्या हातातलं काहीतरी पडलं.

पक्कड कुठे ठेवलीय मी? तो खिळा आधी उपटायला हवा.